फिरत्या कोठीचा कारागीर : सॅम्युएल कोल्ट

वार्षिक स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावयाचे म्हटले की आपण बहुधा संत, वीर, विद्वान अथवा समाजसुधारक यांचीच निवड करतो, आणि ते उचितही आहे. प्रस्तुत लेखात मात्र मी एका कारखानदाराचे, तेही शस्त्रे घडविणाऱ्या परदेशी कारखानदाराचे चरित्र सांगावयाचे योजिले आहे. याबद्दल काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडण्याचा संभव आहे. त्यांस माझी एवढीच विनंती की, त्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग आपला निकाल द्यावा.

विषय सुचण्यास एक लहानसे निमित्त घडले. माझा एक जुना विद्यार्थी यंत्रांच्या कारखान्यात नोकरीस असून कामानिमित्त अमेरिकेस जाऊन आला. परत आल्यावर तो आईला बरोबर घेऊन माझ्या भेटीस आला आणि तिकडील एका संग्रहालयातील जुन्या पिस्तुलांची छायाचित्रे मोठ्या हौसेने दाखवू लागला. निळसर झाक मारणारी पोलादी नळी, हस्तिदंती मूठ, मखमलीची पेटी, तीत ज्याच्या त्याच्या खणात बसविलेली लहान लहान उपकरणे! घरातील मुले भोवती गोळा झाली. मलाही त्या कारागिरीचे कौतुक वाटल्यावाचून राहिले नाही. परंतु विद्यार्थ्याच्या मातोश्रींनी एक चित्र हाती घेतले, क्षणभर न्याहाळले आणि खाली ठेवले. या वस्तूपायी कितीजणींच्या बांगड्या फुटल्या असतील, एवढेच त्या पुटपुटल्या. मुलाचे कौतुक खरे की आईची खंत खरी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ज्या माणसाने ही वस्तू जगभर पसरविली, त्याचेच चरित्र मी वाचावयास घेतले.

सॅम्युएल कोल्ट याचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातील हार्टफर्ड या गावी झाला. त्याच्या आईचे वडील मेजर कॉल्डवेल हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले होते. सॅम्युएलचे बालपण मात्र सुखाचे गेले नाही. तो सहा वर्षांचा असताना आई क्षयाने वारली. वडिलांच्या व्यापारास ओहोटी लागली. घरात सावत्र आई आली. बहिणींपैकी एक बालपणीच गेली, तर दुसरी ऐन तारुण्यात क्षयाने दगावली. अकराव्या वर्षी सॅम्युएलला शेजारच्या ग्लास्टनबरी गावी एका शेतकऱ्याकडे काम करण्यास ठेविले. तेथे शास्त्रीय माहितीचा एक कोश त्याच्या हाती पडला. दारू कशी बनते, वीज कशी खेळविता येते, यंत्रे कशी चालतात, हे सर्व त्याने त्या ग्रंथातून वाचून काढले. शाळेतील पाठांपेक्षा या एका पुस्तकानेच त्याला अधिक शिकविले असे म्हणावयास हरकत नाही. ज्या मुलाला आपण उनाड म्हणून कोपऱ्यात बसवितो, त्याच्या हाती योग्य वेळी योग्य पुस्तक पडले तर काय घडते, हे मी शिक्षक म्हणून अनेकदा पाहिले आहे.

वयाच्या पंधराव्या वर्षी तो वडिलांच्या वेअर येथील कापडाच्या गिरणीत काम करू लागला. तेथील तळ्यात ४ जुलै १८२९ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, पाण्याखाली सुरुंग उडवून एक तराफा आकाशात भिरकावून दाखवीन अशी दवंडी या पोराने पिटली. लोक नवे कपडे घालून मौज पाहण्यास जमले. सुरुंग उडाला खरा, पण तराफ्याऐवजी तळ्यातील चिखलच प्रेक्षकांच्या अंगावर उडाला. लोक संतापले. त्या गर्दीत एलिशा रूट नावाचा एक तरुण यंत्रकारागीर होता. सॅम्युएलला त्याने लोकांच्या तावडीतून वाचविले असे सांगतात. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे वीस वर्षांनी या दोघांची गाठ पुन्हा पडावयाची होती. त्यानंतर सॅम्युएलला ॲमहर्स्ट येथील शाळेत घातले. तेथेही दारूकामाच्या एका खोडीमुळे त्याला शाळा सोडावी लागली. अखेर वडिलांनी कंटाळून त्याला खलाशी म्हणून जहाजावर पाठविले.

या ठिकाणी या चरित्राचा आपल्या देशाशी संबंध येतो. ऑगस्ट १८३० मध्ये बोस्टनहून निघालेले कॉर्व्हो नावाचे ते जहाज कलकत्त्यास येण्यासाठी निघाले होते. सोळा वर्षांचा सॅम्युएल त्यावर उमेदवार खलाशी होता. जहाजाचे सुकाणूचे चक्र कोणत्याही बाजूस फिरविले तरी त्याचा एक आरा अडकवणीच्या बरोबर समोर येऊन थांबतो, हे पाहून आपल्याला फिरत्या कोठीची कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. फावल्या वेळात लाकूड तासून त्याने तिचा नमुना तयार केला. तो लाकडी नमुना आजही हार्टफर्डच्या संग्रहालयात पाहावयास मिळतो. काही अभ्यासक या कथेला थोडी मुरड घालतात. एलिशा कॉलियर या अमेरिकन गृहस्थाने १८१८ मध्ये लंडनमध्ये फिरत्या कोठीच्या चकमकी पिस्तुलाचे एकस्व मिळविले होते आणि तशी पिस्तुले हिंदुस्थानातील इंग्रजांच्या हाती होती. तेव्हा कलकत्त्यास तसे एखादे पिस्तूल या मुलाच्या दृष्टीस पडले असावे, असा त्यांचा तर्क आहे. यांतील खरे काय असेल ते असो. फिरत्या कोठीची कल्पना कोल्टच्याही आधी शेकडो वर्षे चालत आलेली होती, ही गोष्ट निर्विवाद आहे. कोल्टचे श्रेय ती कल्पना बिनचूक चालविण्यात आणि सर्वांच्या आवाक्यात आणण्यात आहे.

ही कल्पना नेमकी काय होती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्या काळचे पिस्तूल ठासणीचे असे. नळीच्या तोंडातून दारू आणि शिशाची गोळी गजाने ठासावी, चाप ओढावा, एक बार निघावा, की पुन्हा सारा खटाटोप पहिल्यापासून. एवढ्यात वीस-तीस सेकंद सहज जात, आणि लढाईत तेवढा काळ म्हणजे एक आयुष्यच. कोल्टने एकाच नळीमागे पाच किंवा सहा घरांची एक वाटोळी कोठी बसविली. अंगठ्याने घोडा मागे ओढला की त्याला जोडलेली पट्टी कोठीच्या मागील दात्यांत अडकून कोठीला एक घर पुढे सरकवी. त्याच वेळी खालून एक खिटी वर येऊन कोठीच्या खाचेत बसे, त्यामुळे भरलेले घर नळीच्या अगदी समोर घट्ट राही. चाप ओढताच घोडा तांब्याच्या टोपीवर आदळे आणि बार उडे. घोडा ओढणे, कोठी फिरविणे आणि ती पक्की अडकविणे ही तीन कामे अंगठ्याच्या एकाच हालचालीत साधली, हेच या यंत्राचे मर्म होय.

कल्पना सुचणे सोपे, पण ती लोखंडात उतरविण्यास पैसा लागतो. परत आल्यावर वडिलांनी दोन नमुने करून घेण्यापुरते साहाय्य केले. त्यांतील एक फुटला आणि वडिलांनी हात आखडता घेतला. तेव्हा या अठरा वर्षांच्या तरुणाने एक विलक्षण धंदा मांडला. हास्यवायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हुंगविला असता माणूस हसतो, नाचतो, बरळतो. कोल्टने स्वतःस डॉक्टर कूल्ट असे भारदस्त नाव घेतले आणि गावोगाव, थेट कॅनडापर्यंत, या वायूचे प्रयोग पैसे घेऊन दाखविले. १८३२ पासून सुमारे तीन वर्षे त्याने हा फिरता खेळ चालविला आणि मिळकत बाल्टिमोर येथील जॉन पिअर्सन या बंदूक-कारागिराकडे धाडली. पिअर्सन नमुने घडवी आणि मजुरी थकली म्हणून कुरकुरे. अशा रीतीने लोकांच्या हसण्यातून मिळालेल्या पैशावर हे प्राणघातक यंत्र आकारास आले.

१८३५ मध्ये इंग्लंडात आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत कोल्टला एकस्व मिळाले. त्याच वर्षी नातलगांच्या भांडवलावर न्यू जर्सीतील पॅटरसन येथे कारखाना निघाला. तेथील पिस्तुले पाचबारी असून त्यांचा चाप आत दडलेला असे आणि घोडा ओढल्यावरच तो बाहेर येई. आज संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात ती हीच पॅटरसनची पिस्तुले होत. परंतु त्या काळी त्यांस गिऱ्हाईक मिळेना. सरकारी लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांस नाजूक व गुंतागुंतीची ठरविले. कोल्ट स्वतः १८३८ मध्ये फ्लॉरिडाच्या दलदलीत लढणाऱ्या पलटणीकडे बंदुका घेऊन गेला आणि काही विकल्याही. पण परतताना होडी उलटली आणि मिळालेले पैसे पाण्यात गेले. टेक्सासच्या आरमाराने १८३९ मध्ये १८० पिस्तुले घेतली तरीही कर्ज वाढतच गेले. अखेर १८४२ मध्ये कारखाना बुडाला.

संकटे एकटी येत नाहीत. याच सुमारास त्याचा थोरला भाऊ जॉन याने हिशेबाच्या भांडणात न्यूयॉर्कमध्ये एका मुद्रकाचा कुऱ्हाडीने खून केला. खून कोल्टच्या पिस्तुलाने झाला असावा असा तर्क खटल्यात निघाला. तेव्हा सॅम्युएलला भर न्यायालयात आपले पिस्तूल चालवून दाखवावे लागले. जॉनला फाशीची शिक्षा झाली आणि १८ नोव्हेंबर १८४२ रोजी, ज्या दिवशी फाशी व्हावयाची त्याच दिवशी, त्याने कोठडीत आत्महत्या केली. कारखाना गेला, पैसा गेला, भाऊ गेला आणि कुटुंबाचे नाव वर्तमानपत्रांतून चव्हाट्यावर आले. त्या वेळी कोल्ट अठ्ठावीस वर्षांचा होता. अशा प्रसंगी माणूस देशोधडीला लागतो. कोल्टने मात्र पाण्याखाली विजेने उडणाऱ्या सुरुंगांचे प्रयोग आरंभिले, तारायंत्राचा जनक मोर्स याच्याशी मैत्री जोडली, पाण्याने न भिजणाऱ्या तारा तयार केल्या आणि एप्रिल १८४४ मध्ये वॉशिंग्टन येथे पोटोमॅक नदीत चालते जहाज सर्वांदेखत उडवून दाखविले. सरकारने हेही स्वीकारले नाही.

इकडे बुडालेल्या कारखान्यातील पिस्तुले टेक्सासच्या घोडेस्वारांच्या हाती आपले काम बजावीत होती. १८४४ मध्ये जॅक हेज याच्या हाताखालील पंधरा-सोळा स्वारांनी कोमांची जमातीच्या कितीतरी मोठ्या जमावास या पिस्तुलांच्या बळावर पिटाळून लाविले. तोवर गोऱ्या स्वाराने एक बार काढून बंदूक पुन्हा भरेपर्यंत कोमांची वीर अनेक बाण सोडीत असे. त्या दिवशी पारडे फिरले. आपण मात्र या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते कोमांची लोक आपल्या वाडवडिलांच्या भूमीसाठी लढत होते, आणि या पिस्तुलाने त्यांच्या हातून ती भूमी जाण्यास हातभार लाविला.

त्या लढाईत जखमी झालेला सॅम्युएल वॉकर हा पुढे मेक्सिकोच्या युद्धात कप्तान झाला. त्याने कोल्टशी पत्रव्यवहार करून स्वानुभवावरून सुधारणा सुचविल्या आणि जानेवारी १८४७ मध्ये सरकारकडून एक हजार पिस्तुलांची मागणी आणविली. कोल्टपाशी या वेळी कारखाना नव्हता. त्याने व्हिटनी यांच्या कारखान्यात ती करवून घेतली. हेच ते प्रसिद्ध वॉकर पिस्तूल. ते सहाबारी असून वजन सुमारे दोन किलो, नळी नऊ इंचांची, आणि दारू इतकी मावे की कधी कधी कोठीच फुटे. सैन्यासाठी एक हजार आणि खाजगी विक्रीसाठी सुमारे शंभर, एवढीच ती निघाली. वॉकर मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्वामांतला येथे मारला गेला. ज्याच्या नावाने पिस्तूल अमर झाले त्याला त्याचे सुख जेमतेम मिळाले.

येथून कोल्टचे भाग्य उदयास आले. त्याने हार्टफर्ड येथे स्वतःचा कारखाना काढला. १८४९ मध्ये त्याने एलिशा रूट याला, म्हणजे त्या चिखलाच्या प्रसंगी धावून आलेल्या कारागिराला, मोठ्या पगारावर आपल्याकडे आणिले. कोल्टची कल्पकता आणि रूटची यंत्रविद्या यांचा संगम झाला. प्रत्येक भागासाठी स्वतंत्र यंत्र, प्रत्येक यंत्रावर एकच काम, आणि एका पिस्तुलाचा भाग शक्य तितका दुसऱ्यास बसावा अशी योजना. कारागीर एकेक पिस्तूल हाताने घडवी, तो काळ येथे मागे पडला. १८४९ चे खिशातील पिस्तूल तीन लाखांहून अधिक निघाले, तर १८५१ चे नेव्ही नावाचे पिस्तूल दोन लाखांहून अधिक. पुढे यंत्रनिर्मितीत ज्यांनी जगभर नाव कमाविले ते प्रॅट आणि व्हिटनी हे दोघेही कोल्टच्या कारखान्यात काम करून तयार झालेले. म्हणून या कारखान्यास एक मोठी उद्योगशाळाच म्हटले पाहिजे. आपल्या तरुणांनी लेखणीइतकाच कानस आणि लेथ यांचाही मान राखावा, असे मला यावरून आवर्जून सांगावेसे वाटते.

१८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनात कोल्टने आपली पिस्तुले मांडली आणि इंग्रजांस चकित केले. त्याच वर्षी तेथील स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने निबंध वाचला. त्यात आपल्या आधी कोणी कोणी फिरत्या कोठीची शस्त्रे केली होती याची हकीकत त्याने सांगितली आणि लंडनच्या टॉवरमधील जुन्या तोड्याच्या बंदुकीचाही दाखला दिला. एकस्वाच्या खटल्यांसाठी अशी जुनी शस्त्रे धुंडाळणे त्याला भागच होते. परंतु त्यातून त्याला संग्रहाचाही नाद लागला. म्हणजे रिव्हॉल्व्हर घडविणारा हा पुरुष स्वतः जुन्या शस्त्रांच्या आरंभीच्या संग्राहकांपैकीही एक होता! पुढे १८५३ मध्ये त्याने लंडनला कारखाना काढला, पण तो तीन-चार वर्षांतच बंद करावा लागला. हार्टफर्ड येथे मात्र कनेटिकट नदीच्या पुरात बुडणारी जमीन घेऊन त्याने सुमारे दोन मैलांचा बांध घातला, तो ढासळू नये म्हणून त्यावर वाळुंजाची झाडे लाविली, आणि त्यांच्या फोकांपासून टोपल्या व खुर्च्या विणण्यासाठी जर्मन कारागीर आणून वसविले. १८५५ मध्ये नवा कारखाना उभा राहिला. त्याच्या माथ्यावर निळा घुमट आणि घुमटावर दोन पायांवर उसळलेले शिंगरू. इंग्रजीत कोल्ट म्हणजे शिंगरू, म्हणून हेच त्याचे बोधचिन्ह. कामगारांसाठी त्याने घरे बांधिली आणि सभागृह उभारिले.

जाहिरातीच्या कलेतही तो काळाच्या पुढे होता. चित्रकार कॅटलिन याच्याकडून त्याने आपल्या शस्त्रांची चित्रे काढवून घेतली. रशियाचा झार, तुर्कस्तानचा सुलतान, बडे सेनापती यांस सोन्याचे नक्षीकाम केलेली पिस्तुले नजर केली. याच ठिकाणी त्याच्या चारित्र्यावर डाग लागतो. एकस्वाची मुदत वाढवून मिळावी म्हणून लोकप्रतिनिधींना पिस्तुले भेट दिल्याबद्दल १८५४ मध्ये चौकशी झाली. दोन राष्ट्रांत तेढ असली की दोघांसही माल विकावा, हे त्याचे धोरण. अमेरिकेत यादवीचे ढग जमले असतानाही दक्षिणेकडील राज्यांस त्याची शस्त्रे जातच राहिली, आणि एप्रिल १८६१ मध्ये पहिली तोफ डागली गेल्यावरच ती थांबली. आपल्या देशातही १८५७ च्या संग्रामात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ॲडम्सची आणि कोल्टची पिस्तुले लटकत होती. पुढे १८७८ च्या कायद्याने आपल्या लोकांस शस्त्र बाळगण्याची बंदी झाली. एकाच्या हाती सहाबारी आणि दुसऱ्याच्या हाती काठीही नाही, अशी ती स्थिती होती. म्हणून हिंदी वाचकाने हे चरित्र वाचताना केवळ भारावून जाऊ नये.

संसारसुख कोल्टला उशिरा आणि थोडे लाभले. ५ जून १८५६ रोजी एका धर्मोपदेशकाची कन्या एलिझाबेथ जार्व्हिस हिच्याशी त्याचा विवाह झाला. नवदांपत्य रशियाच्या नव्या झारच्या राज्याभिषेकास जाऊन आले. आर्म्समिअर नावाचा प्रासाद उभा राहिला. पण पाळणा हलावा आणि रिकामा व्हावा, असे वारंवार घडले. अतिश्रमाने आणि संधिवाताने कोल्ट जर्जर झाला आणि १० जानेवारी १८६२ रोजी वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मरण पावला. मागे सुमारे दीड कोट डॉलरांची मालमत्ता राहिली. तो गेल्यावर थोड्याच दिवसांत तान्ही मुलगीही गेली. अपत्यांपैकी कॉल्डवेल हा एकच मुलगा वाढला, तोही १८९४ मध्ये आईच्या देखत निघून गेला.

एलिझाबेथबाईंच्या धैर्याचे मला विशेष वाटते. फेब्रुवारी १८६४ मध्ये कारखाना जळून भस्म झाला. दुसरे कोणी असते तर विम्याचे पैसे घेऊन स्वस्थ बसते. या विधवेने कारखाना पुन्हा बांधिला आणि शेकडो घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या. पती व मुले यांच्या स्मरणार्थ तिने १८६९ मध्ये एक चर्च उभारिले. त्याच्या एका दारावरील दगडी नक्षीत क्रूसांच्या जोडीला पिस्तुलाचे भाग कोरलेले आहेत! प्रार्थनेच्या दारावर शस्त्राची आकृती पाहून आपण चपापतो. पण ज्या अन्नावर गाव जगले त्याची ती प्रामाणिक कबुली आहे, असेही म्हणता येईल. १९०५ मध्ये ती वारली तेव्हा पतीचा शस्त्रसंग्रह तिने हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ संग्रहालयास देऊन टाकिला. ज्याच्या त्याच्या हाती जाऊन पुन्हा चालविली जाण्याऐवजी ती शस्त्रे काचेच्या कपाटात शांत झाली. अमेरिकन सरकारने २०१४ मध्ये कोल्टच्या वसाहतीस राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून मान्यता दिली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या जुन्या पिस्तुलांचा लोकांस एवढा लोभ का? पहिले कारण कारागिरीचे. हाडे व कातडे यांच्या कोळशात पुरून तापविलेले आणि एकदम पाण्यात बुडविलेले लोखंड निळ्या, करड्या, पिंगट अशा ढगाळ छटा धारण करते. नळीवरील गडद निळी झळाळी वेगळ्या रीतीने आणलेली असते. नेव्ही पिस्तुलाच्या कोठीवर १८४३ च्या सागरी लढाईचे चित्र उमटविलेले असते. दुसरे कारण अस्सलपणाचे. प्रत्येक भागावर क्रमांक असतो, आणि सर्व क्रमांक जुळले तरच ते पिस्तूल अभंग समजावयाचे. वॉकर पिस्तुलांवर तर तुकडीचे अक्षरही असते. नवशिका मनुष्य जुने पिस्तूल घासूनपुसून लखलखीत करतो आणि त्याची किंमत घालवून बसतो. आपल्याकडे पितळेची भांडी चिंचेने घासावयाची असतात, पण येथे मळ आणि झीज हाच वस्तूचा जन्मदाखला! लबाड लोक क्रमांक बदलतात, मागाहून नक्षी कोरतात. म्हणून खरा संग्राहक भिंग घेऊन बसतो, नोंदवह्या धुंडाळतो, आणि नकळत इतिहासाचा विद्यार्थी बनतो.

तिसरे कारण कथेचे. एका डॅनिश जहाजाच्या कप्तानाने घेतलेले, मूळ पेटीसह टिकलेले वॉकर पिस्तूल २०१८ मध्ये अठरा लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेले. तेथे किंमत दुर्मिळपणाची आणि जपणुकीची होती. पण कोल्टच्या मृत्यूनंतर निघालेल्या १८७३ च्या नमुन्याचे एक साधे पिस्तूल २०२१ मध्ये साठ लाख डॉलरांवर गेले, आणि ते केवळ एवढ्यासाठी की १८८१ मध्ये पॅट गॅरेट याने बिली द किड या दरोडेखोरास त्यानेच गोळी घातली होती. पहिल्या उदाहरणात माणूस कलेस मोल देतो, दुसऱ्यात मृत्यूच्या स्पर्शास. संग्राहकाने आपण या दोहोंतील कशाच्या मागे लागलो आहो, हे स्वतःस विचारून पाहावे.

येथे एक व्यवहाराची सूचना करणे मी माझे कर्तव्य समजतो. अमेरिकेत १८९८ पर्यंतची शस्त्रे तेथील मध्यवर्ती कायद्याने पुराणवस्तू गणली जातात, म्हणून तिकडे हा छंद फोफावला. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्यावाचून चालते शस्त्र घरी ठेवणे हा गुन्हा होय. कोणाच्या जुन्या घरात माळ्यावर पूर्वजांचे पिस्तूल निघालेच, तर ते लपवू नये, चालवून तर मुळीच पाहू नये. पोलीस ठाण्यास रीतसर कळवावे आणि जाणकारांचा सल्ला घ्यावा. हौस भागविण्यास संग्रहालये आहेत, पुस्तके आहेत. शिवाय संग्रहाची वृत्ती शस्त्रांपुरतीच का असावी? पुण्याच्या केळकर संग्रहालयातील अडकित्ते आणि दिवे ज्यांनी पाहिले असतील त्यांस ठाऊक आहे की, सुपारी कातरण्याच्या साधनातही कारागिराचा जीव ओतलेला असतो.

कोल्टपासून काय घ्यावे आणि काय टाकावे? अपयशाने न खचणारी चिकाटी घ्यावी. हाताने काम करण्याची लाज न बाळगणे घ्यावे. ज्या रूटने लहानपणी उपकार केला त्याला वैभवाच्या काळी शोधून बरोबरीने वागविणे, हेही घ्यावे. लाच आणि दोन्ही बाजूंस माल विकण्याची वृत्ती टाकावी. यंत्र स्वतः पुण्य जाणत नाही की पाप जाणत नाही, पण ते घडविणारा आणि विकणारा मात्र दोन्ही जाणतो.

माझ्या विद्यार्थ्याने ती छायाचित्रे माझ्याकडेच ठेविली आहेत. मुले आली की मी ती दाखवितो, कोठी कशी फिरते ते फळ्यावर काढून समजावून देतो. त्यानंतर त्या माउलीचे बोलही सांगतो. मुलाचे कौतुक आणि आईची खंत, दोन्ही खरीच आहेत. यांपैकी एकच गोष्ट सांगितली तर धडा अपुरा राहील, असे मला वाटते.